नळाला गढूळ, वासाचं पाणी आलं? या चुका टाळा

नळाच्या पाण्याला वास आला की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती नव्या प्युरिफायरची. खरं तर आधी शोधायचं असतं पाणी कशाने बिघडलं आणि कुठे बिघडलं. जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना ठीक असलेलं पाणी अनेकदा वाटेतच खराब होतं: फुटलेल्या जोडात, गटाराशेजारच्या हौदात किंवा गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत.

टीडीएस कमी म्हणून पाणी चांगलं समजणं

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. खडकवासला किंवा भातसा धरणाच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असतो. त्यात थोडं सांडपाणी मिसळलं तरी मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्याच्या आत असलेल्या धरणाच्या पाण्याला आरओची (पडद्यातून क्षार गाळणाऱ्या यंत्राची) गरज नसते. तिथे गाळण आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) पुरतं, पण पाणी गढूळ नसेल तरच. गढूळपणाच्या आड जंतू यूव्हीपासून वाचतात. यूव्हीचा दिवा जळताना दिसला तरी त्याची शक्ती हळूहळू उतरते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तो बदलायचा.

बोअरचं पाणी मिसळत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे नायट्रेट (मर्यादा ४५ मिलिग्रॅम), फ्लोराइड (इष्ट १, कमाल १.५) आणि कठीणपणा तपासूनच यंत्र निवडा.

पाणी सुटताच पहिल्या धारेला भांडी लावणं

पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या जोडांतून आत शिरतं. पाणी सुटलं की तेच सर्वांत आधी तुमच्या नळाला येतं. रंग आणि वास जाईपर्यंत, साधारण पाच-दहा मिनिटं, ते बादलीत काढा, शौचालयाला चालतं. मुख्य लाइनला थेट मोटार लावणाऱ्यांनी तर हे संकट स्वतः ओढवून घेतलेलं असतं. मोटार पाण्याबरोबर आसपासची घाणही खेचते आणि तिचा त्रास अख्ख्या गल्लीला होतो.

पांढरं, दुधाळ पाणी आलं तर घाबरू नका. ग्लासात धरून ठेवा: खालून वर निवळत गेलं तर ते हवेचे बुडबुडे आहेत. तळाशी गाळ बसला तर मात्र पुढचं वाचा.

क्लोरीनच्या वासाची तक्रार, पण क्लोरीन नसल्याची नाही

हलका क्लोरीनचा वास ही चांगली खूण आहे. शेवटच्या नळापर्यंत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं) उरायला हवं. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन द्रावणाने क्लोरीन मोजण्याची चाचणी) घरीही करता येते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेले थेंब टाका, हलवा आणि दहा सेकंदांत पिवळा रंग पट्टीशी जुळवा. उशीर केला की संयुक्त क्लोरीनही रंगात मिसळतं आणि आकडा फुगतो. चाचणीचं पाणी फेकून द्या आणि द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हीच चाचणी तीन ठिकाणी करा: थेट लाइनचा नळ, खालचा हौद, वरची टाकी. लाइनला क्लोरीन आहे आणि हौदात शून्य, तर दोष बहुधा सोसायटीत आहे. लाइनलाच शून्य असेल आणि शेजारच्या इमारतीतही तसंच, तर वॉर्ड ऑफिसला किंवा ग्रामपंचायतीला वेळ, ठिकाण आणि फोटोसह लेखी कळवा. तोंडी तक्रारीवर व्हॉल्व्हमन येऊन बघून जातो, एवढंच.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. योग्य क्लोरिनेशनने हा जंतू सहज मरतो. जारच्या पाण्याला सुरक्षित मानणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्याच काळात महापालिकेने अनेक खासगी आरओ प्रकल्प बंद केले.

टाकी नुसती घासून धुणं

आधी हौद फुटका आहे का ते पाहा. रात्री येणारी आणि जाणारी दोन्ही लाइन बंद करा, पातळीवर खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली तर भेगेतून पाणी बाहेर जातंय, आणि हौद रिकामा असताना त्याच वाटेने बाहेरचं आत येऊ शकतं. पातळी चढली तर पुरावाच मिळाला. अशा हौदात क्लोरीन ओतत राहण्यात अर्थ नाही. ड्रेनेजचं चेंबर आणि भेग दोन्ही दुरुस्त करा.

दुरुस्तीनंतर गाळ काढा, भिंती घासा, टाकी भरा. मग १००० लिटरला १५० ग्रॅम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) घ्या. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. प्युरिफायरची जोडणी आधी काढा, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बारा तास तसंच ठेवा. ते पाणी पिण्याचं नाही, अंगावर किंवा झाडांनाही नको. पूर्ण काढून टाका आणि दोनदा खंगाळा. रोजच्या निर्जंतुकीकरणाला १००० लिटरला ५ ग्रॅम पावडर आणि किमान अर्धा तास पुरतो. त्यानंतर ओटी टेस्ट. ओलसर जागी उघडी पडलेली जुनी पावडर निकामी झालेली असते, मापं कितीही बरोबर असली तरी.

टीसीएलमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका; विषारी वायू निघतो. बंद हौदात एकट्या माणसाला उतरवू नका. झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवा आणि वर एकजण उभा हवाच.

तुरटी फिरवली, झालं

तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. २० लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, मग निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. महाराष्ट्रातल्या उंचीला अधिक नको. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका.

मिनरल वॉटरच्या बाटलीतला नमुना

जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणा. क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन तिच्यात असतं, म्हणून ती विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला हात न लावता भरा आणि वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांत पोचवा. चोवीस तासांपलीकडे निकालाला अर्थ नाही. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत हे होतं. रासायनिक तपासणीला वेगळा, स्वच्छ कॅन लागतो. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू) अजिबात नसावा. तो आढळला तर दुसरा नमुना देऊन निकाल येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवसापासून पाणी उकळून प्या.