वाहतूक चलानाची न्यायालयातील नोंद कशी शोधावी आणि निकाली काढावी

महाराष्ट्रात वाहतूक नियमभंगाचे चलान आले की बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे दंड कुठे भरायचा. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न मात्र वेगळा आहे: या चलानाची नोंद आज नेमकी कोणाकडे आहे? ती वाहतूक पोलिसांकडे असेल, व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयात असेल किंवा नेहमीच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयात खटला म्हणून दाखल झालेली असेल. या तिन्ही ठिकाणी ती निकाली काढण्याची रीत निराळी आहे, आणि ठिकाण न ओळखता केलेली धावपळ बहुधा वाया जाते.

शोधाची सुरुवात महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवरून करावी. तेथे वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले की त्या वाहनावरील चलाने दिसतात. चेसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला असतो. यासोबत केंद्र सरकारच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावरही शोध घ्यावा, कारण परिवहन विभागाच्या पथकाने किंवा दुसऱ्या राज्यात झालेल्या कारवाईची नोंद तेथे आढळू शकते; त्या ठिकाणी वाहन क्रमांकाप्रमाणेच अनुज्ञप्तीच्या, म्हणजे लायसन्सच्या क्रमांकावरूनही शोधता येते. एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक वाटते. थकीत चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाइल पाठवून ती मोबाइलमध्ये उतरवून घ्यायला लावायची आणि बँक खाते रिकामे करायचे, असे फसवणुकीचे प्रकार सर्रास घडत आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने (.gov.in) संपतो. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता तो पत्ता स्वतः टंकित करून उघडावा.

चलान सापडल्यावर दंड भरण्याआधी त्यासोबतचे छायाचित्र नीट पाहावे. वाहनाचा प्रकार, रंग, ठिकाण आणि वेळ आपल्या वाहनाशी जुळते का, नंबरप्लेटवरील एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे का, कोणी आपला क्रमांक दुसऱ्या गाडीवर लावला आहे का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. चूक दिसल्यास त्याच संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ, जो ऑगस्ट २०२१ मध्ये आला, त्यानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या नियमभंगाची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची असते आणि चलान निकाली निघेपर्यंत त्याचा इलेक्ट्रॉनिक पुरावा जतन करायचा असतो. त्यामुळे पुरावा पाहायला मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

नोंद अजून पोलिसांकडेच असेल, तर काम सर्वांत सोपे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम २०० नुसार ठरावीक गुन्ह्यांमध्ये अधिकृत अधिकाऱ्याकडे तडजोड शुल्क भरले की प्रकरण न्यायालयात न जाता तेथेच मिटते. मात्र सर्वच गुन्हे या कलमात बसत नाहीत. मद्यपान करून वाहन चालवल्याचा कलम १८५ खालील गुन्हा, ज्यात पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तो न्यायालयातच चालतो. अशा प्रकरणात ‘इथेच मिटवून टाकू’ असे कोणी म्हटले, तर ते बेकायदेशीर आहे हे समजून घ्यावे.

पोलिसांनी चलान न्यायालयाकडे पाठवले असेल, तर पुढचा शोध व्हर्च्युअल न्यायालयाच्या संकेतस्थळावर घ्यावा लागतो. वाहतूक चलानांसाठीचे महाराष्ट्रातील पहिले व्हर्च्युअल न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथे सुरू झाले. संकेतस्थळावर आधी राज्य आणि विभाग निवडावा लागतो, आणि अनेकांचा शोध याच पायरीवर फसतो: चलान पोलिसांचे असताना परिवहन विभाग निवडला की नोंद नाही असे उत्तर येते आणि माणूस निर्धास्त होतो. योग्य विभाग निवडून मोबाइल क्रमांक, पक्षकाराचे नाव, सीएनआर क्रमांक (न्यायालयातील प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) किंवा चलान अथवा वाहन क्रमांक यांपैकी कशावरूनही शोधता येते. प्रकरण उघडल्यावर न्यायाधीशांनी प्रस्तावित केलेला दंड दिसतो आणि दोन पर्याय समोर येतात: दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, हे ध्यानात ठेवूनच पहिला पर्याय निवडावा. दुसरा निवडल्यास प्रकरण त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते आणि तेथे तारखेला हजर राहावे लागते. पाचशे रुपयांच्या दंडासाठी कामाचे दिवस खर्च करायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण गाडी आपली नसतानाही केवळ कटकट नको म्हणून दंड भरणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे न केलेल्या गुन्ह्याची नोंद आपल्या नावावर कायम होते.

तिसरी शक्यता थेट खटल्याची. समन्स हाती असेल, तर त्यावर न्यायालयाचे नाव, खटला क्रमांक आणि तारीख असते. समन्स हरवले असेल किंवा मिळालेच नसेल, तर ई-कोर्ट्स सेवा संकेतस्थळावर किंवा त्याच नावाच्या अ‍ॅपवर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा. नाव इंग्रजी लिपीत कसे नोंदले गेले असेल याचा भरवसा नसतो. देशपांडे, चौधरी यांसारखी आडनावे तर अनेक प्रकारे लिहिली जातात. म्हणून नावाची पहिली काही अक्षरेच भरून वर्ष बदलत शोधणे अधिक उपयोगी ठरते. खटला बहुधा नोंदणीकृत मालकाच्या नावावर असतो, म्हणून गाडी वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर असल्यास तेच नाव घालावे. अशी प्रकरणे बहुतेक ‘एस.सी.सी.’, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, या प्रकारात नोंदलेली असतात. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्यावा. त्यानंतरचा प्रत्येक शोध त्या एका क्रमांकावर होतो. ऑनलाइन काहीच न सापडल्यास वाहन क्रमांक, चलान क्रमांक आणि घटनेची तारीख घेऊन न्यायालयाच्या फौजदारी विभागात चौकशी करावी.

तारखेच्या दिवशी न्यायालय सुरू होण्याआधी पोहोचावे आणि दाराबाहेर लावलेल्या कामकाजाच्या यादीत आपला क्रमांक पाहून ठेवावा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, लायसन्स, घटनेच्या दिवशी वैध असलेला विमा व पीयूसी, चलानाची प्रत आणि तक्रार केली असल्यास तिची पोच असावी. नावाचा पुकारा झाल्यावर न्यायाधीश गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल असल्यास दंड सुनावला जातो, तो न्यायालयात भरून पावती घ्यायची असते. कबूल नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. मग पुराव्यासाठी पुढची तारीख मिळते. गाडी दुसरे कोणी चालवत असल्यास, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ नुसार चालकाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ‘मला माहीत नाही’ हे उत्तर देण्याआधी वकिलाशी बोलावे. फार जुन्या प्रकरणात मुदतीचा मुद्दाही वकिलाला विचारावा: केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ने सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे, परंतु योग्य कारण असल्यास न्यायालय ती वाढवू शकते. म्हणून केवळ चलान जुने झाले या समजुतीवर समन्सकडे दुर्लक्ष करू नये; गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. वकील परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळू शकते, आणि हा हक्क फारच थोडे लोक वापरतात.

अनेक चलाने साचली असल्यास राष्ट्रीय लोकअदालत हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. ती वर्षातून काही वेळा भरते आणि तडजोडपात्र चलाने तेथे मिटवता येतात. तारीख आणि आपली प्रकरणे यादीत आहेत की नाही, हे प्राधिकरणाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. दंडात सवलत मिळेलच असे गृहीत धरू नये. तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही, त्यामुळे सही करण्याआधी रक्कम आणि चलान क्रमांक वाचून पाहावेत.

दंड भरला तरी काम पुरते संपत नाही. न्यायालयाच्या नोंदीत प्रकरण निकाली दिसत असताना पोलिसांच्या संकेतस्थळावर तेच चलान थकीत राहू शकते. काही दिवसांनी दोन्ही ठिकाणी पुन्हा पाहावे आणि फरक आढळल्यास पावती व आदेशाची प्रत घेऊन संबंधित वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा लागतो. जुनी गाडी विकताना किंवा घेताना हीच तपासणी सौद्याआधी करावी, आणि विक्री झाल्यावर नमुना २९ व ३० भरून मालकी बदलल्याची नोंद आरटीओत झाली आहे याची खात्री करावी. तोपर्यंत नव्या मालकाच्या प्रत्येक नियमभंगाचे चलान जुन्या मालकाच्याच नावाने निघत राहते.