जुन्या ट्रकच्या मॅनिफोल्डमधील तुटलेले बोल्ट : हात घालण्यापूर्वीची तयारी

थंड इंजिन सुरू केल्यावर टक्‌टक्‌ असा आवाज येतो आणि इंजिन तापले की तो विरतो, अशी जुन्या ट्रकची तक्रार असेल, तर व्हॉल्व्हचे झाकण उघडण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारा ओतीव भाग, पाहावा. हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्याजवळ पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसली, किंवा एखाद्या भोकावर बोल्टचे डोकेच नसले, तर शोध तेथेच संपतो. बहुतेक वेळा बोल्ट तुटतो तो दोन टोकांपैकी एका टोकाचा, कारण तापल्यावर मॅनिफोल्ड लांबीच्या दिशेने वाढतो, ती वाढ टोकांना सर्वांत जास्त असते आणि वर्षानुवर्षे तापण्या-निवण्यात टोकाचा बोल्ट आडवा ओढला जाऊन डोक्याखाली तुटतो. हा तपशील कामाचा आहे. गाडी चालताना तुटलेल्या बोल्टचा आतला भाग कधी कधी फारसा जाम नसतो, उलट पाना लावल्यावर तुटलेला बोल्ट गंजाने आट्यांत धरून बसला होता म्हणूनच तुटलेला असतो. कोणता तुकडा कसा तुटला, याची नोंद म्हणून आधीच करून ठेवावी.

तयारीची सुरुवात मोजदादीपासून करावी. टॉर्च आणि लहान आरसा घेऊन प्रत्येक भोक पाहावे आणि तुकडा हेडच्या पृष्ठभागाबाहेर डोकावतो आहे, पृष्ठभागाच्या पातळीवर आहे की आत गेला आहे, हे खडूने शेजारी लिहावे, कारण पुढची सर्व हत्यारे या एका गोष्टीवर ठरतात. शाबूत बोल्टपैकी एक काढून त्याचा व्यास, लांबी आणि पिच गेजने आट्यांचे अंतर मोजावे; १० मिलिमीटरचा बोल्ट १.५ च्या आट्यांचाही असतो आणि १.२५ च्याही, व नुसत्या नजरेला हा फरक सापडत नाही. काही इंजिनांत एखादे भोक थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरते त्या पोकळीत, उघडते, म्हणून इंजिनाच्या पुस्तिकेत तसे आहे का हे पाहून, असल्यास कूलंट आधी काढून ठेवावे आणि नवीन बोल्टसाठी सीलंट जवळ असू द्यावे.

उरलेल्या बोल्टांना पाना लावण्यापूर्वी किमान दोन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ, पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात झिरपणारे पातळ तेल, द्यावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक डोक्यावर हातोडीचे सरळ, मध्यम ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडून तेल आत उतरते. सॉकेट सहा कोनांचाच घ्यावा. बारा कोनांचा सॉकेट झिजलेल्या डोक्यावरून सटकतो आणि मग पकडायला काही उरत नाही. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा, अडला की पुन्हा आवळावा. सैल होणारा बोल्ट करकरतो आणि आट्यांतून तांबूस भुकटी बाहेर येते. पण पान्याखाली काहीच न करकरता तो रबरासारखा पिळत आहे असे हाताला जाणवले, तर तेथेच थांबावे, कारण पुढचा अर्धा फेरा तुटण्याचाच असतो. अशा बोल्टसाठी उष्णता वापरावी लागते.

तुकडा बाहेर डोकावत असेल किंवा पातळीवर असेल, तर माझी पहिली पसंती वेल्डिंगला आहे. तुकड्यावर वॉशर आणि त्यावर नट ठेवून नटाच्या आतून भरीव वेल्ड करावे. पकड तर मिळतेच, शिवाय लालभडक झालेला तुकडा निवताना आकसतो आणि गंजाची पकड मोडते. लाली पूर्ण जाईपर्यंत हात आवरावा, मग रिंग पान्याने नट दोन्ही दिशांना थोडा थोडा हलवावा. पहिल्या प्रयत्नात नट उखडला तर पुन्हा वेल्ड करावे. तीन-चार वेळा असे होणे नवल नाही. यासाठी जस्ताचा मुलामा नसलेले नट आणून ठेवावेत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा घातक धूर निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, अर्थचा चिमटा तुकड्याच्या शक्य तितक्या जवळ लावावा, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग ओल्या जाड कापडाने झाकावी, सांडलेले तेल पुसावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. ब्रेक क्लीनरने जागा धुण्याचा मोह होतो. पण क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या उष्णतेत आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून तो डबा त्या दिवशी कामाच्या जागी आणूच नये.

आत तुटलेल्या तुकड्याला ड्रिलशिवाय इलाज नाही आणि बहुतेक नुकसान येथेच होते. तुटलेला माथा तिरका असतो. त्यावर थेट ड्रिल ठेवले तर ते कडेला घसरून हेडच्या मऊ धातूत शिरते. एकदा घाई करून मी असाच ८ मिलिमीटरच्या बोल्टचा मध्य दोन मिलिमीटरने चुकवला आणि एका बोल्टपायी संपूर्ण हेड उतरवावे लागले. तेव्हापासून माथा आधी लहान ग्राइंडिंग दगडाने सपाट करतो, सेंटर पंचाची खूण बोल्टच्या मधोमध आहे ना हे आरशात दोन बाजूंनी पाहतो आणि मॅनिफोल्डच्या भोकात नीट बसेल अशी पोलादी नळी मार्गदर्शक म्हणून वापरतो. ड्रिल उलट्या फिरकीचे, म्हणजे डाव्या हाताचे, मिळाले तर तेच घ्यावे. ३ मिलिमीटरपासून सुरुवात करून पायरीपायरीने मोठे करत असताना बरेचदा तुकडा आपणहून फिरत बाहेर येतो. वेग कमी, दाब खंबीर आणि कटिंग ऑइल भरपूर, एवढे पाळावे. एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे तुकड्यात पाडलेल्या भोकात रुतवून तो उलटा फिरवण्याच्या हत्यारावर, माझा विशेष विश्वास नाही, कारण तो कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही पाडत नाही आणि बारीक व्यासाचा एक्स्ट्रॅक्टर नेमका अशाच जाम बोल्टात तुटतो. तो पेटीत असावा, पण त्यावर जोर टाकण्याआधी उष्णता देऊन पाहिलेली असावी.

तुकडा निघाला की आटे साफ करण्यासाठी योग्य मापाचा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) हाताने, अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा फिरवावा. तुकड्याचे संपूर्ण ड्रिलिंग करून आटे नव्याने पाडण्याची वेळ आली तर ८ × १.२५ (व्यास × आट्यांचे अंतर) साठी ६.८ मिलिमीटरचे आणि १० × १.५ साठी ८.५ मिलिमीटरचे ड्रिल लागते. आटे मूळचेच गेले असतील तर तारेच्या इन्सर्टचा, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा, संच, त्याच्यासोबतच्या ड्रिल आणि टॅपसह, आधीच आणून ठेवावा. भोक बंद बुडाचे असेल तर त्यातील चुरा आणि तेल हवेने पूर्ण काढावे, हवा मारताना तोंडाशी चिंधी व डोळ्यांना गॉगल असावा. तळाशी साचलेले तेल बोल्ट आवळताना कोंडले तर ओतीव धातूला तडा जाऊ शकतो.

जोडणीसाठी नवे गॅस्केट (सांध्यातून वायू गळू न देणारी पातळ पट्टी) आणि सर्वच बोल्ट नवे, मूळच्याच ग्रेडचे व लांबीचे आणावेत. शाबूत दिसणारे जुने बोल्टही तितक्याच वेळा तापले-निवलेले असतात. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच) सरकवून पाहावा आणि फट पुस्तिकेतल्या मर्यादेबाहेर असेल तर तो मशीनवर सपाट करून आणावा, नाहीतर नवे बोल्टही त्याच टोकाला तुटतील. आट्यांना उच्च तापमानाचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) अगदी पातळ लावावे, मात्र कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, वंगण लावलेल्या बोल्टवर तसाच वापरला तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेतला आकडा कोणत्या स्थितीसाठी आहे हे वाचून मगच टॉर्क पाना लावावा. आवळणी मधल्या बोल्टपासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत करावी. इंजिन पूर्ण तापवून रात्रभर निवू द्यावे, पुस्तिका सांगत असेल तर सकाळी टॉर्क पुन्हा तपासावा आणि मग त्या थंड इंजिनाला स्टार्टर मारून सांध्याजवळ कान द्यावा.