ऑसेटिकची विशेषणं: ‘चांगला’ बाजूला ठेवा, ‘लाल’ आठवा

ऑसेटिक ही कॉकेशसमधली भाषा शिकायला घेतली त्या पहिल्याच आठवड्यात मी वहीत एक तक्ता आखला. उभ्या ओळीत नऊ विभक्ती, आडव्या ओळीत एकवचन आणि अनेकवचन, आणि प्रत्येक चौकटीत विशेषणाचं रूप भरायचं. आधी थोडी रशियन झाली होती, त्यामुळे विशेषण म्हटलं की रूपांचा डोंगर असणार असं मी धरूनच चालले होते. तो तक्ता आजही रिकामा आहे, कारण त्यात भरण्यासारखं काही निघालंच नाही.

‘खोर्झ लॅग’ म्हणजे चांगला माणूस. ‘खोर्झ लॅग्तॅ’ म्हणजे चांगली माणसं आणि ‘खोर्झ लॅग्तॅन’ म्हणजे चांगल्या माणसांना. वचनाचा आणि विभक्तीचा प्रत्यय फक्त नामाला लागतो, ‘खोर्झ’ जागचं हलत नाही. लिंग तर या भाषेत नाहीच.

आपल्याला हे अवघड जातं ते ‘चांगला, चांगली, चांगल्या’ या सवयीमुळे. पण मराठीतच दुसऱ्या जातीची विशेषणं आहेत: लाल फूल, लाल फुलं, लाल फुलांना. शाळेत यांनाच अविकारी विशेषणं म्हणत. ऑसेटिकचं प्रत्येक विशेषण ‘लाल’सारखं आहे एवढं मनात पक्कं केलं, की पहिला महिना वाचतो.

थोडी पार्श्वभूमी. ही इराणी शाखेची भाषा कॉकेशसमध्ये, रशियातल्या उत्तर ऑसेटियात आणि पलीकडे दक्षिण ऑसेटियात बोलली जाते. इरॉन आणि दिगोर या तिच्या दोन मुख्य बोली. मी इथे इरॉनबद्दल लिहिते आहे. लिपी सिरिलिक, पण त्यात एक खास अक्षर आहे, ‘अ’ आणि ‘ॲ’ यांच्या मधल्या उच्चाराचं. मी ते ‘ॲ’ असं लिहिते. जालावर कुणी ते सिरिलिक संचातून टंकतं, कुणी लॅटिन संचातून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र वेगळी. शब्द सापडला नाही तर दुसऱ्या अक्षराने पुन्हा शोधा. कोशात शब्दच नाही असं समजून मी कितीतरी शब्द सोडून दिले होते.

आता तुलना. इथे मला खरा आनंद झाला. ‘एल्ब्रुस काझ्बेकॅय बॅर्झोन्द्दॅर उ’, म्हणजे एल्ब्रुस काझ्बेकहून उंच आहे. (एल्ब्रुस ५,६४२ मीटर, काझ्बेक ५,००० च्या थोडा वर.) मी ‘पेक्षा’साठी एखादा स्वतंत्र शब्द शोधत होते. तो नाहीच. काझ्बेकच्या शेवटी आहे तो ‘-ॲय’ हा पंचमीचा प्रत्यय, जो ‘डोंगरावरून आला’ म्हणतानाही लागतो. आपण पंचमीचे ‘ऊन, हून’ पाठ केले, ‘गावाहून आला’ आणि ‘त्याच्याहून मोठा’ दोन्ही म्हणतो, तेच हे. शब्दांचा क्रमही आपलाच. इंग्रजीतून किंवा रशियनमधून अर्थ लावत बसलात तर हे साम्य हातातून निसटेल. थेट मराठीतून विचार करा.

वेगळं आहे ते ‘बॅर्झोन्द’ (उंच) या विशेषणाला लागलेलं ‘-दॅर’. संस्कृतातल्या ‘उच्चतर’, ‘लघुतर’ मधल्या ‘-तर’चा हा सख्खा भाऊ. ‘खोर्झ’चं मात्र ‘ख्विझ्दॅर’ होतं, ते पाठच करावं लागतं. ‘सगळ्यांत’ म्हणायला त्याच्या आधी ‘ॲप्पॅति’ जोडायचं.

आणि इथे एक खड्डा आहे. ‘दॅर’ हा सुटा शब्दही आहे, अर्थ ‘सुद्धा’. ‘स्तिर्दॅर’ म्हणजे अधिक मोठा, ‘स्तिर दॅर’ म्हणजे मोठासुद्धा. लिहिताना मधली मोकळी जागा हा फरक दाखवते, ऐकताना संदर्भ लागतो. मी एका अख्ख्या परिच्छेदात ‘सुद्धा’च्या जागी ‘अधिक’ वाचत गेले आणि मग अर्थ जुळेना. वाचताना प्रत्येक ‘दॅर’खाली पेन्सिलने रेघ मारा, अगदी वहीभर.

रंगांपाशी थोडं रेंगाळू द्या. ‘उर्स’ म्हणजे पांढरा. त्याचा वैदिक नातलग ‘अरुष’, अर्थ तांबूस. ‘सिर्ख’ म्हणजे लाल, आणि त्याचा नातलग ‘शुक्र’, म्हणजे तेजस्वी, शुभ्र. दोन भाषांनी जणू रंगांची अदलाबदल केली. ऑसेटियन भाषाशास्त्रज्ञ वासो अबायेव यांचा व्युत्पत्तिकोश १९५८ ते १९८९ या काळात चार खंडांत निघाला. तो चाळताना अशा ओळखी पदोपदी भेटतात आणि जीव रमतो. पण नात्यावरून अर्थ ठरवू नका. ‘शुक्र’ आठवून ‘सिर्ख’ला पांढरा म्हटलंत तर वाक्य उलटं होईल.

नवी विशेषणं घडवणं सोपं आहे. ‘निझ’ म्हणजे रोग, ‘ॲनॅनिझ’ म्हणजे निरोगी. घडणही ‘निरोगी’सारखीच. डोंगर ‘खोख’, डोंगरी ‘खोखाग’. हा ‘खोखाग’ डोंगरात राहणारा माणूसही असतो, कारण नाम आणि विशेषण यांच्यात इथे पक्की भिंत नाही. मात्र विशेषण नामासारखं एकटं उभं राहिलं, की सगळे प्रत्यय त्यालाच लागतात. आपल्या ‘थोरांना’सारखं.

याचं सगळ्यात जिवंत उदाहरण म्हणजे ‘खिस्तॅर’ आणि ‘कॅस्तॅर’, वडील आणि धाकटा. दोन्हींत तोच जुना ‘-तर’ मुरलेला आहे. ऑसेटियन मेजवानीत टेबलाच्या अग्रभागी बसून पहिलं प्रार्थनावजा भाषण करतो तो खिस्तॅर, आणि उभं राहून वाढतात ते कॅस्तॅर. ‘खिस्तॅर्तॅन’ म्हणजे वडीलधाऱ्यांना. माझ्या रिकाम्या तक्त्याखाली मी हा शब्द नऊ विभक्तींत लिहून काढला, आणि नऊच्या नऊ ओळी भरल्या.