स्पर्धा कायद्यातील राजकीय प्रभाव जोखताना या चुका टाळा

स्पर्धा कायदा म्हणजे मक्तेदारी आणि बाजारातील स्पर्धा मारणारी विलीनीकरणे रोखणारा कायदा. त्याखाली एखादे वादग्रस्त विलीनीकरण मंजूर झाले किंवा बड्या कंपनीवरील कारवाई सौम्य झाली, की ‘वरून फोन आला असणार’ हा निष्कर्ष तयारच असतो. कधीकधी तो खराही ठरतो. 1971 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आयटीटी कंपनीविरुद्धच्या स्पर्धा कायद्याच्या खटल्यातील अपील सोडून देण्याचा हुकूम न्याय खात्याला दिला आणि तो ध्वनिफितीवर नोंदला गेला. असा पुरावा मात्र क्वचितच हाती लागतो.

तारखांचा क्रम न लावणे ही सर्वांत मोठी चूक आहे. अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश जून 2000 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2001 मध्ये बुश सरकारने विभाजनाची मागणी सोडली. मधे सत्तांतर झालेले असल्यामुळे कारण आयतेच सापडते. परंतु अपील न्यायालयाने जून 2001 मध्येच, मक्तेदारी गैरमार्गाने टिकवल्याचा ठपका कायम ठेवून, विभाजनाचा आदेश रद्द केला होता. सत्तांतराचा काहीच परिणाम झाला नाही, असे यावरून म्हणता येत नाही. न्यायालयाचा वाटा किती आणि सरकारचा किती, हे आधी वेगळे काढावे लागते, एवढेच. गूगलच्या सर्च सेवेविरुद्धचा खटला तर ट्रम्प यांच्या काळात, ऑक्टोबर 2020 मध्ये, दाखल झाला आणि बायडेन यांच्या काळातही चालूच राहिला.

कायद्याने ठेवलेला दरवाजा आणि मागचा दरवाजा यांत फरक न करणे, ही दुसरी चूक. 2008 च्या आर्थिक संकटात लॉइड्स व एचबीओएस या बँकांच्या विलीनीकरणाबाबत ब्रिटनच्या स्पर्धा यंत्रणेने धोका दाखवला होता, तरीही वित्तीय व्यवस्थेचे स्थैर्य हा सार्वजनिक हिताचा निकष कायद्यात नव्याने घालून मंत्र्यांनी ते मंजूर केले. निर्णय चुकीचा वाटू शकतो (मला तो घाईचा वाटतो), पण तो उघड आणि सकारण होता. जर्मनीत मंत्र्यांना असा अधिकार आहे, तरी एडेका–टेंगेलमान या सुपरमार्केट साखळ्यांच्या प्रकरणात त्यांनी दिलेली परवानगी डुसेलडॉर्फच्या न्यायालयाने 2016 मध्ये रोखली.

निर्णयाची कारणे न वाचणे, ही तिसरी चूक. युरोपीय संघातील स्पर्धा प्रकरणे पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने 2019 मध्ये सीमेन्स–अल्स्टॉम यांच्या रेल्वे व्यवसायांचे विलीनीकरण नाकारले, तेव्हा रेल्वेगाड्या बनवणाऱ्या चिनी स्पर्धकाचा विचारच झाला नाही अशी ओरड झाली. वास्तविक तो मुद्दा तपासून, नजीकच्या काळात ती कंपनी युरोपात शिरण्याची शक्यता कमी आहे, असे आयोगाने ठरवले होते.

एवढे करूनही प्रभाव सापडत नसेल, तर निकाल बाजूला ठेवून मार्गदर्शक तत्त्वे, अंदाजपत्रक आणि रिक्त पदे पाहावीत. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात 1982 मध्ये अमेरिकेने, कोणत्या विलीनीकरणाला आव्हान द्यायचे हे सांगणारी 1968 ची मार्गदर्शक तत्त्वे बदलून ती बरीच सैल केली. मूळ कायद्यातील कसोटी तीच राहिली, पण आव्हान द्यायचेच नाही अशा व्यवहारांची संख्या वाढली. आणि जे प्रकरण उघडलेच नाही, त्याचा निकाल शोधून सापडणार नाही.