बॅटरीच्या फवारणी पंपाचं बटण सारखं जळतंय? हे करून बघा

बारा व्होल्टचा पंप आहे, त्याला काय होतंय असं वाटतं, पण स्विच जळायचं खरं कारण तिथंच आहे. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून बटण बंद केलं की ठिणगी लगेच विझते, बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी ताणली जाते आणि आतले पॉइंट काळे पडून चिकटतात. त्यात मोटर चालू होताना चालू लोडपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर खेचते, आणि ट्रिगर सोडला की दरवेळी प्रेशर स्विच (दाब वाढला की मोटर बंद करणारा) कट मारतो, म्हणजे दिवसभरात शेकडो वेळा.

म्हणून घरातलं एसीचं बटण डीसीला लावूच नका, स्विचवर डीसी अँपिअर किती लिहिलेत ते बघूनच घ्या. मोटरच्या दोन टोकांवर १एन५४०८ नंबरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, म्हणजे बटण बंद करताना मोटरचा उलटा झटका बटणावर येत नाही, पट्टीची बाजू प्लसकडे, उलटा लागला तर सरळ शॉर्ट होतो, त्यामुळे आधी बॅटरीच्या प्लस वायरला फ्यूज पाहिजेच.

सगळ्यात भारी उपाय म्हणजे गाडीच्या हॉर्नचा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे थोड्या करंटने आतल्या कॉइलवर चालणारा मोठा स्विच. रिलेच्या ८५-८६ नंबरच्या पिनांवर स्विचची लाइन, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून मोटर. मग बटणातून फक्त कॉइलचा किरकोळ करंट जातो.

औषधाचं पाणी बटणात झिरपतं ते वेगळंच, रबरी टोपी बसवा आणि वायरच्या टोकाचं थिंबल गंजलंय का ते अधूनमधून बघत जा.