ओढ्याकाठचा विलो: आधी मारा, मग कापा

ऑस्ट्रेलियात विलो लावला गेला तो काठ धरून ठेवायला आणि सावलीला. आपल्या वाळुंजाच्या कुळातलाच हा. पण त्याची मुळं थेट पात्रात शिरतात, गाळ अडवतात, प्रवाह बाजूला ढकलतात आणि काठ खचतो. शरद ऋतूत सगळा पाला एकदम पाण्यात पडतो, कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी करतो. १९९९ साली बहुतेक विलो 'राष्ट्रीय महत्त्वाचे तण' ठरले. वीपिंग विलो त्यातून वगळला आहे.

ओळख. हिवाळ्यात बघा. काठची देशी झाडं हिरवीच असतात, विलो तेवढा निष्पर्ण उभा दिसतो. काडीवरची कळी नखाने सोला: तिच्यावर टोपीसारखं एकच खवल असतं. क्रॅक विलोची काडी बुडाशी नुसती वाकवली तरी कट्कन तुटते. तीच काडी वाहत जाऊन खाली कुठेतरी चिखलात रुजते. ग्रे सॅलो ही विलोचीच दुसरी जात; तिची पानं रुंदट, खालून राखाडी लवेची. तिचं कापसासारखं बी वाऱ्यावर दूर जातं. म्हणून वेळ थोडा असेल, तर आधी ग्रे सॅलो गाठा.

परवानगी. जमीनमालकाची आणि नदीखोऱ्याचं काम पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेची. ती हातात असल्याशिवाय काम सुरू करू नका.

रोपं. माती ओली असताना मुळासकट उपटा.

मोठं झाड. इथे घाई नडते. जिवंत झाडावर करवत चालवली की शेकडो काड्या पाण्यात पडतात, म्हणजे तितकीच नवी झाडं. त्यापेक्षा पानं पूर्ण भरलेली असताना खोडाच्या बुडाशी, सगळीकडून, खाली उतरती भोकं पाडा. पाण्याजवळ वापरायला मान्यता असलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक औषध त्यात लगेच भरा. एक भोक पाडायचं, ते भरायचं, मग पुढचं. प्रमाण डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच. अनेक खोडं असतील तर एकही सोडू नका. झाड पूर्ण मरेपर्यंत उभंच राहू द्या.

बारीक खोड. जमिनीलगत कापा आणि त्याच क्षणी कापावर औषध लावा. कापलेल्या सगळ्या काड्या पाण्यापासून लांब, कोरड्या जागी न्या.

नंतर. बुंधा उपटू नका, मेलेली मुळंही काही काळ काठ धरून ठेवतात. सगळा काठ एकदम उघडा करू नका. टप्प्याटप्प्याने काढा आणि मधे रिव्हर रेड गम, टी-ट्री अशी त्या भागातली देशी झाडं लावत चला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बुंध्यांपाशी परत जा. हिरवा फुटवा दिसला, तर पुन्हा औषध.