कुत्री पहिल्यांदा माजावर आली आणि घरात ऑपरेशन झालेला कुत्रा आहे, तर ते चार आठवडे कसे काढायचे

आमच्या मोरीला पहिला माज आला तो नेमका गणपतीच्या तोंडावर. मोरी म्हणजे मासा हां, न्हाणीघरातली नव्हे, पिल्लू असताना राखाडी आणि गुळगुळीत दिसायची म्हणून ते नाव पडलं. घरात आधीपासून बोंबील, पाच वर्षांचा लाल गावठी, दोन वर्षांचा असताना नसबंदीचं ऑपरेशन केलेला, त्यामुळे घरात सगळे एकदम निवांत. सासूबाई तर म्हणाल्या, "ह्येचा ऑपरेशन झालाहा ना, मग हो आता काय करतलो?" काय करतो ते पुढे सांगतेच.

आधी ओळखायचं कसं ते. कुत्री साधारण ६ ते १२ महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, छोट्या जातीची लवकर, मोठ्या जातीची कधीकधी दीड-दोन वर्षांनीसुद्धा. भाद्रपद म्हणजे कुत्र्यांचा महिना हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण ते मुख्यतः गावठी कुत्र्यांचं, घरातल्या लॅब-पॉमला महिनाबिहिना काही नसतो, वर्षातून साधारण दोनदा केव्हाही. मोरी नऊ महिन्यांची होती. चार-पाच दिवस आधीपासून ती जिथेतिथे थोडं थोडं मुतायला लागली, आणि बोंबील तिच्या मागे मागे जाऊन ते हुंगून, चाटून दात कटकट वाजवायचा, जबड्यातून लाळ. मला वाटलं याच्या दाताला काहीतरी झालंय, मी टॉर्च घेऊन त्याचं तोंड बघत बसले होते! तर नर असे दात वाजवायला लागले की आधी मादीकडे बघा.

रक्त आम्हाला दिसलंच नाही, कारण आमच्याकडे जुना लाल कोबा. लाल कोब्यावर थेंब पडला तर कोणाला दिसणार, सारवलेल्या जमिनीवर तर विचारूच नका. शिवाय बऱ्याच कुत्र्या स्वतःला चाटून साफ ठेवतात. चाकरमानी येणार म्हणून काढलेल्या पांढऱ्या चादरीवर मॅडम झोपल्या तेव्हा कळलं. त्यानंतर मी रोज सकाळी पांढरा टिश्यू तिथे हलकेच टेकवून बघायचे, रंग कळतो आणि सूज किती आहे तेही कळतं. पहिला थेंब दिसला त्या तारखेला कॅलेंडरवर गोल करा, तो दिवस पहिला. हे कराच, कारण पुढचं सगळं त्या गोलावर अवलंबून आहे.

आता सगळ्यात मोठा घोळ. आपण त्याला सरळ पाळी म्हणतो, आणि म्हणूनच फसतो. बाईच्या पाळीत रक्त थांबलं की विषय संपला, कुत्रीचं उलटं आहे, रक्त ही नुसती सूचना असते आणि खरा धोका रक्त कमी झाल्यावर सुरू होतो. पहिला आठवडा-दीड आठवडा लालभडक रक्त, सूज, नर जवळ आला की ती गुरकावते नाहीतर खाली बसते. मग ते रक्त फिकट होत होत मांस धुतलेल्या पाण्यासारखं, वाळल्या गवताच्या रंगाचं होतं, सूज जरा मऊ पडते, आणि शेपटीच्या मुळाशी खाजवलं की ती शेपूट एका बाजूला घेऊन उभी राहते. झालं, आता ती तयार आहे. हे बहुतेक करून १० ते १४ व्या दिवसाच्या आसपास, पण कोणाचं पाचव्या-सहाव्या दिवशीच होतं तर कोणाचं विसाव्या दिवसानंतरही चालू असतं, म्हणून दिवस मोजून मोकळं सोडू नका. लोक नेमके याच वेळी म्हणतात, चला, रक्त थांबलं, सोडा आता. आणि बरोबर ६३ दिवसांनी मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, सात पिल्लं. मी पूर्ण २८ दिवस धरले, तीन आठवडे नेहमीचे आणि एक आठवडा आपल्या मनाच्या शांतीसाठी. पहिल्या माजात कधी कधी असंही होतं की आठवडाभर दिसतं, थांबतं, आणि दोन-चार आठवड्यांनी परत नव्याने सुरू, तेव्हा मोजणी परत पहिल्यापासून.

आता बोंबीलकडे येऊ. ऑपरेशन झालेल्या नरापासून पिल्लं होत नाहीत हे खरं, पण दोन अटी. एक म्हणजे ऑपरेशन जुनं हवं, कारण नळ्यांमध्ये आधीचं बीज शिल्लक राहतं, त्यामुळे ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे तरी माजावरच्या मादीपासून लांबच ठेवायचा. दुसरी, ऑपरेशन पूर्ण झालेलं हवं. काही नरांची एक गोटी, म्हणजे वृषण, पोटातच राहिलेली असते, बाहेरची काढली आणि आतली तशीच राहिली तर हार्मोन चालूच राहतात. दत्तक घेतलेला असेल आणि कागद नसतील तर डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

पण पिल्लं होत नाहीत म्हणजे काहीच होत नाही असं नाही ना. वास त्याला येतोच, आणि विशेषतः मोठेपणी ऑपरेशन झालेला, आधी एखाद-दुसरा भाद्रपद बघितलेला नर चढतो, आणि अडकतोसुद्धा. आमच्याकडे बाराव्या दिवशी, संध्याकाळी, खळ्यात, म्हणजे अंगणात, भजनी मंडळी आलेली, आरती 'सुखकर्ता'वरून पुढे सरकलेली, माझ्या हातात निरांजन, आणि पडवीतून मोरीची किंकाळी. जाऊन बघते तर दोघं शेपटीला शेपूट लावून अडकलेली, बोंबीलच्या चेहऱ्यावर हे काय झालं असा भाव. माझा दीर कळशी घेऊन धावला पाणी ओतायला, एक काका म्हणाले काठी आण. दोन्ही करायचं नाही! ओढलं, घाबरवलं की दोघांनाही आतून इजा होते, नराला तर जास्त. आतली गाठ फुगलेली असते, ती आपोआप उतरेपर्यंत सुटत नाहीत, पाच मिनिटं ते अर्धा तास कितीही लागतो. मी तिथेच कोब्यावर बसकण मारली, एका हाताने मोरीचा पट्टा, दुसऱ्या हाताने बोंबीलचा, फक्त एवढंच बघायचं की ती घाबरून पळत नाही किंवा खाली लोळत नाही. अठरा मिनिटं. तेवढ्यात मंत्रपुष्पांजली झाली, खिरापत वाटून झाली, आणि लहान मुलं माझ्याभोवती गोल करून प्रश्न विचारत होती ते वेगळंच.

पिल्लांची भीती नव्हती, पण कमी वयाची कुत्री घाबरते, आणि त्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, इन्फेक्शन आत जाऊ शकतं. म्हणून त्यानंतर दोघांना वेगळं केलं, जे मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. कोकणातल्या घरात हे जमतं, कारण खोल्या एकात एक असतात. मोरी माजघरात, बोंबील पडवीत, मध्ये ओटी रिकामी, आणि नियम एकच की दोन दारं एकदम उघडायची नाहीत. दाराच्या फटीखाली ओलं फडकं गुंडाळून ठेवलं, वास अगदीच अडत नाही पण तो नाक घालून रात्रभर रडायचा ते कमी झालं. तिला नेलं-आणलं की ती जागा पाण्याने धुवायची. फ्लॅटमध्ये असाल तर रात्री एक बेडरूमचं दार बंद, दिवसा पाळीपाळीने बाहेर. बोंबील दोन दिवस जेवला नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण पाणी पीत असला पाहिजे. त्याला मी दुपट्ट लांब फिरवायचे, दमला की झोपायचा. ओरडू नका त्याच्यावर, त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच कळत नसतं काय होतंय.

खरा शत्रू मात्र घराबाहेर. तिसऱ्या दिवसापासून वाडीतली सगळी कुत्री आमच्या बेड्यासमोर, म्हणजे फाटकासमोर, खालच्या वाडीतला एक कानतुटक्या तर मी कधी बघितलाच नव्हता. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, तीन फूट, तो कुत्र्याला काहीच नाही. आम्ही वरून करवंदीच्या काट्या आणि झावळ्या टाकल्या, बेड्याच्या बांबूंमधल्या फटींना कोंबड्यांची जाळी बांधली, आणि मोरीतलं पाणी, म्हणजे न्हाणीघरातलं हां, बाहेर जायला गडग्याला जे भोक असतं त्याच्यावर चिरा ठेवला. त्या भोकातून कुत्रा येईल असं मला वाटलंच नव्हतं, कानतुटक्याचं अर्धं धड आत आलेलं स्वतः बघितलं. एवढं करून चाकरमान्यांची मुलं बेडं उघडं टाकून समुद्रावर जायची! शेवटी आत कुलूप लावून चावी माझ्या पदराला. फटाक्यांचं पण लक्षात ठेवा, शांत कुत्रीसुद्धा एका सुतळी बॉम्बला गडगा पार करते, त्यामुळे बाहेर काढताना कायम दोरी, पट्टा आणि हार्नेस दोन्ही, आपल्याच खळ्यात असलं तरी. रात्री बाहेर बांधायचं तर नावच नको, आमच्याकडे वाघ येतो, म्हणजे बिबट्या, आणि बांधलेली कुत्री त्याला पानात वाढल्यासारखी.

फिरवायला मी आधी समुद्रावर न्यायचे, वाटायचं की ओल्या वाळूत वास राहणार नाही. फालतू कल्पना. किनाऱ्यावर मच्छी उतरते तिथे कुत्र्यांची टोळीच असते आणि मोकळ्या जागेत पळायला जागाच नाही. भर दुपारी, जेव्हा सगळी कुत्री सावलीत पसरलेली असतात, तेव्हा दहा मिनिटं मागच्या पाणंदीतून, बस्स.

भटक्या नराबद्दल पिल्लांपलीकडे अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक बोलतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाची गाठ बरीच दिसते, ती संबंधातून पसरते, मागच्या जागेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल गाठ येते आणि रक्त ठिबकत राहतं. विन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे घेऊन बहुतेक वेळा बरी होते, पण खर्च आणि हाल होतातच. आणि ही ऑपरेशन झालेल्या नरालाही होऊ शकते. म्हणजे बोंबील गडगा ओलांडून बाहेरच्या मादीवर गेला तर तो घरी घेऊन येईल. कुलूप दोघांसाठी आहे.

चुकून बाहेरचा नर लागलाच, तर धुवून, पपई घालून, पळवून काही होत नाही. शिवाय नराचं बीज आत पाच-सहा दिवस जिवंत राहू शकतं आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे आता झालंच ना मग सोडा असंही नको. एक-दोन दिवसांत कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला फोन करा. आमच्या तालुक्याला बहुतेक डॉक्टर गुरांचे, चांगले आहेत, पण कुत्रीच्या केसेस कोण बघतं ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

डायपरचं. डायपरने घर स्वच्छ राहतं, संबंध अडत नाही, नर तो दोन मिनिटांत फाडतो. आम्ही नवऱ्याची जुनी चड्डी उलटी घालून पुढच्या भोकातून शेपूट काढली, वर सेफ्टी पिन न लावता नाडी बांधली, आत जुन्या लुगड्याची घडी. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत हीच मोठी अडचण, आणि ओलं कापड ठेवलं की दोन दिवसांत मांडीत लाल पुरळ येतं. तीन-चार तासांनी बदला, बाहेर नेताना काढा, कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, रात्री शक्यतो मोकळंच झोपू द्या. आत पाणी मारून धुवायचं नाही, डेटॉल तर अजिबात नाही.

वास मारायला शेपटीला कापूर नाहीतर बाम लावा असं मला तिघांनी सांगितलं. लावू नका, ती चाटणार आणि कापूर कुत्र्याला विषारी आहे. नर त्याने फसतही नाही. माज थांबवायची इंजेक्शनं-गोळ्या मागू नका, ती हार्मोनं पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढवतात. ती जरा मलूल झाली म्हणून आपली क्रोसिन किंवा ब्रुफेन नाही. आणि गणपतीत जाता जाता सांगते, प्रसादातले बेदाणे कुत्र्यांना देऊ नका, किडनीला लागतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेपूट परत खाली, सूज उतरलेली, बोंबील तिच्याकडे बघून जांभई देतो, तेव्हा दारं उघडली. पण कॅलेंडर काढू नका. पुढचे दोन महिने बघायचं की ती फार पाणी पिते का, जेवण सोडते का, उलट्या, ताप, मागून घाण वासाचा पू. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर, कारण गर्भाशयात पू झाला तर तो जीवावर बेततो, आणि कधी कधी तोंड बंद असतं म्हणून बाहेर काहीच दिसत नाही, फक्त कुत्री खचत जाते. दुसरं, दीड-दोन महिन्यांनी मोरीला सडांत दूध आलं आणि ती नारळाची एक सोडण, म्हणजे वरचं साल, घेऊन कोपऱ्यात पिल्लासारखी सांभाळत बसली! पोटात काही नसतं, शरीराला तसं वाटतं. दूध पिळायचं नाही, पिळलं की अजून येतं, सोडण हळूच लपवायची, दोन-तीन आठवड्यांत उतरतं. नाही उतरलं तर दाखवायचं.

आणि एक वेत झाल्याशिवाय ऑपरेशन करू नये असं सांगणारे वाडीत भरपूर भेटतील, त्यात काही तथ्य नाही, उलट दर माजागणिक सडांच्या गाठींचा धोका वाढत जातो. माजावर असताना मात्र करत नाहीत, तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. गणपतीपासून मोजलं तर आमची देवदिवाळी येत होती, देवदिवाळीनंतरच्या सोमवारची तारीख घेतली, आदल्या रात्री आठनंतर जेवण बंद. नंतर टाके चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं, दहा-बारा दिवस उड्या बंद, आणि बोंबील परत पडवीत, कारण आता त्याला ती खेळायला हवी होती.